मक्याचे दाणे काढताना फुटतात, उडतात, तूस येतं : कुठं चुकतं आणि काय करायचं

ओल्या मक्याचे दाणे काढायला बसलं की दर वेळी तेच होतं. काही दाणे ओट्याखाली, परातीत दुधाचं थारोळं, आणि जेवताना दातात कागदासारखं काहीतरी अडकतं. मग सुरी बदलली जाते, बाजारातून दाणे काढायचं छोटं यंत्र येतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिले पाढे. दोन गोष्टी पाहायच्या राहून जातात: कणीस किती जून आहे, आणि सुरी दाण्यात किती खोल उतरते आहे. खालच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी फिरून या दोन्हींपाशीच येतात.

आधी नख लावा

खान्देशात खरिपाचा मका साधारण भाद्रपदात कणसाला येतो, रब्बीचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. बाजारात दोन प्रकारचा माल शेजारी शेजारी असतो: स्वीट कॉर्न, आणि शेतातला नेहमीचा दाण्याचा मका, जो कोवळा असताना भाजायला भुट्टा म्हणून विकतात. नेहमीच्या मक्याच्या दाण्याची साल जाड असते आणि त्याचं दूध लवकर पिठूळ होतं. त्यामुळे एकाच दिवशी आणलेल्या दोन कणसांना एकच रीत चालत नाही.

पानं पूर्ण सोलण्याआधी मधोमध थोडी बाजूला करा आणि एका दाण्यात नख रोवा. टोकाचे दाणे सगळ्यांत कोवळे आणि बुडाचे सगळ्यांत जून असतात, म्हणून तपासायचा तो मधला दाणा.

पाण्यासारखा स्वच्छ रस निघाला तर कणीस अजून कच्चं आहे. त्याचे दाणे काढण्याच्या फंदात पडू नये. दीड-दोन इंचांचे तुकडे करून काळ्या मसाल्याच्या रश्शात टाकावेत. पांढऱ्या दुधाची चिळकांडी उडाली तर हेच ते कणीस, सुरीने कापायचं. केस बाहेर पडल्यापासून साधारण १८ ते २२ दिवसांनी मका या अवस्थेत असतो. ऊन जास्त असेल तर त्याहून लवकर. चिळकांडी न उडता दाट, सायीसारखं दूध ओघळलं तर आधी उकडा, मग अंगठ्याने दाणे काढा. नख रुतलं पण आत नुसती कणीक लागली, तर दाणे काढण्यापेक्षा किसणी घ्या. वडे उत्तम होतात. नखच रुतत नसेल तर ते कणीस वाळवून पिठाच्या डब्यात जाऊ द्या.

आणखी एक खूण आहे. सुटा केलेला दाणा उलटा करून त्याचं निमुळतं टोक पाहा. तिथे तपकिरी-काळी टिकली दिसली तर मका पूर्ण पिकला. असा दाणा कितीही उकडला तरी सालपट चोथट लागणारच.

दाणे फुटतात, दूध वाया जातं

पहिलं कारण बोथट सुरी. बोथट पातं दाणा कापत नाही, ढकलतं. दाण्याची साल ताणलेली असते, आत दूध भरलेलं असतं, ढकललं की ती फाटते. पातं पातळ, धारदार आणि १५ ते १८ सेंटिमीटर लांब हवं. टोमॅटोची साल वजन न देता कापली गेली तर ती सुरी मक्याला चालेल. विळीवर, म्हणजे आपल्या पावशीवर, मका कापू नये असं आमचं स्पष्ट मत. भाजीला पावशीसारखं हत्यार नाही, पण इथे कणीस पात्याकडे ढकलावं लागतं. खोली हातात राहत नाही आणि गोल कणीस फिरलं तर बोट थेट पात्यावर.

दुसरं कारण म्हणजे कच्च्या, दुधाळ कणसाला अंगठा लावणं. अंगठ्याने सोलायची रीत घट्ट दाण्यासाठी आहे. दुधाळ दाणा देठातून तुटण्याआधीच फुटतो.

दोन्हींवर एकच सोपा उपाय: चार मिनिटं उकळतं पाणी. मोठ्या पातेल्यात चार कणसांना चार लिटर पाणी घ्या, खळखळ उकळू द्या, सोललेली कणसं सोडा. पाणी पुन्हा उकळायला लागलं की तिथून चार मिनिटं मोजा. उष्णतेने दाण्यातला स्टार्च फुगून घट्ट होतो आणि दूध वाहायचं थांबतं. कापल्यावर दाण्याच्या कडा कोरड्या दिसतात. कणसं काढल्याबरोबर थंड पाण्यात टाका आणि तिथेही चार मिनिटं ठेवा. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंघोळीलाही गरम लागतं, ते इथे कामाचं नाही. माठाचं पाणी आणि बर्फाचा एक ट्रे घ्या. कणीस आतून गरम राहिलं तर दाणे शिजतच राहतात आणि मऊ पडतात.

कुकरचा मोह टाळा. दोन-तीन शिट्यांत स्वीट कॉर्नची साल उकलते आणि दाणा काढताना गर हातात, साल कणसाला असा प्रकार होतो. शेतातल्या जून मक्याला कुकर ठीक आहे, पण ते कणीस दातांनी खायचं असेल तर.

दातात तूस अडकतं

ही तक्रार सर्वांत जास्त येते, आणि हिच्यात लोक सर्वांत जास्त चुकतात.

मक्याचा प्रत्येक दाणा मधल्या दांड्यावर, म्हणजे बुरकुंडावर, एका लहानशा खळग्यात बसलेला असतो. खळग्याच्या कडेला पातळ, कागदी पापुद्रे असतात. तेच तूस. दाणा तिथे बारीक देठाने जोडलेला असतो. सुरी खळग्यापर्यंत गेली की दाण्याबरोबर पापुद्रे आणि लाकडासारखी कडक टोपीही सुटून येते. ते कितीही शिजवलं तरी मऊ होत नाही.

म्हणून दाणा मुळापासून कापायचा नाही. दाण्याच्या उंचीचा वरचा दोन-तृतीयांश भाग घ्यायचा, खालचा तिसरा हिस्सा कणसावर सोडायचा. दाणा नऊ मिलिमीटर उंच धरला तर सहा मिलिमीटर कापायचे, तीन सोडायचे. वाया जातं असं वाटतं, पण तो हिस्सा आपण नंतर घेणार आहोत.

आता एक बारकी गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एकाच कणसाच्या वरच्या भागातले दाणे अर्धवट कापले जातात आणि खालच्या भागात तूस येतं, असं होतं ना? कणीस निमुळतं आहे. टोकाला बारीक, बुडाला जाड. आपण टोक वर धरून सुरी सरळ खाली आणतो. सरळ रेघ वर दाण्याला जेमतेम लागते आणि खाली बुरकुंडात घुसते. हात चुकत नाही, आकार चुकवतो. कणीस मधोमध मोडलं की हा फरक निम्म्यावर येतो. सुरीने मधोमध गोल खाच पाडा आणि दोन्ही हातांनी कटकन मोडा. सुरीने आरपार कापायला जोर लागतो आणि सुरी निसटते. प्रत्येक तुकडा साधारण आठ-नऊ सेंटिमीटरचा होईल.

कापून झाल्यावर बुरकुंडाकडे बघा, तेच चूक सांगतं. खळग्यांत दाण्यांचे फिकट, ओलसर बुंधे दिसत असतील आणि बोट फिरवल्यावर ओलं लागत असेल तर खोली बरोबर. खळगे कोरडे, रिकामे असतील आणि कडेला केसाळ कुसं उभी असतील तर सुरी जास्त आत गेली. दाण्यांचे निम्मे भाग तसेच उभे असतील, त्यांतला पिवळसर कोंब दिसत असेल, तर सुरी फारच वरून गेली.

तूस आलंच तर दाणे फेकू नका. भरपूर पाण्यात टाकून हाताने एकदा ढवळा. दाणे तळाशी बसतात, तूस वर तरंगतं. वरचं पाणी ओतून द्या. एका मिनिटात उरका. कापलेला दाणा पाण्यात राहिला की त्याची गोडी पाण्यात उतरते.

राहिलेला तिसरा हिस्सा असा घ्यायचा: तुकडा ताटात उभा धरून सुरीची धार नव्हे, पाठ वरून खाली दाबून ओढा. दूध आणि कोंब निघतात, तूस जागेवर राहतं. एका मोठ्या कणसातून एक-दोन मोठे चमचे निघतील. हे दूध रश्शाला किंवा खिरीला दाटपणा देतं; गरम झालं की पटकन घट्ट होतं, तेव्हा घालताना हलवत राहा. उकडलेल्या कणसातून हे दूध जवळजवळ निघत नाही, म्हणून खीर किंवा वडे करायचे असतील तर कणीस कच्चंच कापा आणि फुटलेल्या दाण्यांची फिकीर सोडा.

दाणे घरभर उडतात

कणीस उभं धरून कापलं तर दाणे १५-२० सेंटिमीटर वरून पडतात आणि पात्याच्या जोराने बाजूला उसळतात. परातीत उलटी वाटी ठेवून तिच्यावर कणीस उभं करण्याची युक्ती बरीच सांगितली जाते. दाणे परातीत पडतात हे खरं, पण वाटी घसरते, आणि उंची काही कमी होत नाही.

आडवं कापा. अर्धं कणीस पाटावर आडवं ठेवा, एका बाजूच्या तीन-चार ओळी लांबीच्या दिशेने कापा. सपाट झालेली बाजू खाली करा. आता कणीस गडगडत नाही. मग फिरवत पुढच्या ओळी. कणसाला ओळी नेहमी सम संख्येत असतात, साधारणपणे १४, १६ किंवा १८, कारण त्या जोडीनेच तयार होतात. म्हणजे चार-पाच वेळा फिरवलं की कणीस संपतं. दाणा जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरवरून पाटावरच पडतो. सुरी एका झटक्यात ओढू नका, करवतीसारखी लहान लहान मागेपुढे चालवा. पाटाखाली ओलं फडकं घातलं की पाट सरकत नाही.

अख्खे दाणे हवे असतील तर

उसळीला, पुलावाला किंवा नुसते तुपावर परतायला अख्खा, कोंबासकट दाणा छान दिसतो. त्याला अंगठा हवा. चार मिनिटं उकडून पूर्ण गार केलेलं कणीस घ्या. पहिली ओळ बळी द्यायची: सुरीचं टोक ओळीच्या दोन्ही बाजूंच्या खाचांतून फिरवा आणि ती ओळ चमच्याच्या दांड्याने उकरून काढा. त्यातले काही दाणे तुटतील, तुटू द्या.

ही रिकामी चर महत्त्वाची. दाणे एकमेकांना पाचरीसारखे घट्ट धरून असतात; शेजारी जागा झाली की दाणा तिकडे कलतो आणि देठातून तुटतो. अंगठ्याचा टोकाचा भाग नव्हे, नखाखालचा मांसल भाग ओळीवर आडवा ठेवा आणि चरीच्या दिशेने लोटा. चार-पाच दाणे एकदम सुटतात. वरून खाली खरवडलं तर दाणे फुटतात. दिशा आडवीच हवी. अंगठा दुखायला लागला तर चमच्याची पाठ वापरा.

उन्हाळी मक्यात कणसाला मधे मधे दाणेच नसतात. परागीकरणाच्या दिवसांत कडक ऊन असलं की पराग मरतात, केस सुकतात आणि ज्या केसावर पराग पोहोचला नाही त्याचा दाणा भरत नाही. असं कणीस दिसायला ओबडधोबड, ओळी वाकड्या. सुरीने ते नीट कापलं जात नाही. पण अंगठ्याला ते फार सोपं, कारण चर आयतीच मिळालेली असते. मोकळ्या जागेपासूनच सुरुवात करा.

यंत्र अडकतं

गोल, आत दात असलेलं यंत्र एकाच जाडीच्या कणसाला बसतं. बारीक कणसावर ते सैल फिरतं आणि दाणे अर्धे कापतं, जाडावर अडकतं किंवा बुरकुंड सोलतं. टोकाचा दोन-तीन सेंटिमीटर भाग आधी कापून टाका, म्हणजे दातांना सरळ धरायला जागा मिळते. मग दाबण्यापेक्षा फिरवत खाली न्या. वाकड्या ओळींच्या कणसाला ते घालूच नका. वापरून झालं की लगेच ब्रशने धुवा. दूध वाळलं की दातांत सिमेंट बसतं.

शेतकऱ्यांकडे वाळला मका सोलायची लोखंडी नळी असते, आत पट्ट्या बसवलेली. ती ओल्या मक्याला लावून पाहणारे भेटतात. तिचं काम कोरड्या, कडक दाण्यावर चालतं. ओल्यावर फक्त लगदा निघतो.

केस जात नाहीत

एकेक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो, म्हणून ते संपता संपत नाहीत. कणीस धुण्याआधी, कोरडं असतानाच पानं आणि केस टोकाकडून एकत्र मुठीत धरून एका ओढीत खाली काढा. ओले केस दाण्यांच्या खाचांत चिकटतात. उरलेले केस किंचित दमट फडक्याने टोकाकडून बुडाकडे पुसा, किंवा मऊ, कोऱ्या टूथब्रशने काढा. घरी मायक्रोवेव्ह असेल तर पानांसकट कणीस तीन-चार मिनिटं गरम करा, बुडाकडून पहिल्या दाण्यांच्या ओळीसकट दोन सेंटिमीटर कापून टाका, आणि टोकाकडून पानं घट्ट धरून दाबा. कणीस गुळगुळीत बाहेर येतं, केस पानांत राहतात. वाफ हाताला भाजते, फडकं घ्या.

अळी किंवा बुरशी निघाली

टोकाला अळीने खाल्लेलं असेल तर खाल्लेल्या भागाच्या खाली आणखी तीन सेंटिमीटर सोडून कापा. बाकीचं कणीस खायला हरकत नाही. बुरशीचं तसं नाही. दाण्यांवर हिरवट, गुलाबी किंवा काळी बुरशी दिसली तर पूर्ण कणीस टाका, आणि तेही गुरांपुढे नको. काही बुरशींचं विष जनावराच्या दुधात उतरतं.

गोडी गेली, दाणे फ्रीजरमध्ये गोळा झाले

तोडल्यापासून दाण्यातली साखर स्टार्चमध्ये बदलू लागते. साध्या गोड मक्यात ३० अंश तापमानाला एका दिवसात ती निम्म्यावर येऊ शकते. अतिगोड जाती जास्त टिकतात, पण टोपलीतून जात ओळखणं अवघडच. सकाळी आणलेलं कणीस संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवू नका. लगेच काढायला वेळ नसेल तर पानांसकट पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत वापरा.

फ्रीजरमध्ये ठेवायचे दाणे उकडल्याशिवाय भरू नका. चार मिनिटांच्या उकळीने दाण्यातल्या एन्झाइमांचं, म्हणजे चव बिघडवणाऱ्या घटकांचं, काम थांबतं. कच्चे गोठवलेले दाणे महिन्याभरात गवतासारखे लागतात. दाण्यांचा दगड होण्याचं कारण फक्त पाणी. गार केलेली कणसं पुसा, दाणे काढा, सुती कापडावर १५ मिनिटं पसरा, मग ताटात एकाच थरात दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा. दाणे सुटे, खडखडीत झाले की पिशवीत भरून हवा दाबून काढा. एका वेळच्या भाजीपुरत्या छोट्या पिशव्या करा. मध्यम कणसातून साधारण १०० ग्रॅम दाणे निघतात, म्हणजे चौघांच्या उसळीला चार-पाच कणसं.

वीज बराच वेळ गेली तर पिशवी दाबून बघा. आत बर्फाचे कण असतील तर दाणे परत गोठवता येतात, फक्त जरा मऊ पडतील. पूर्ण वितळून कोमट झाले असतील तर परत गोठवायचे नाहीत. आंबूस वास असेल तर टाकायचेच. साध्या एका दाराच्या फ्रीजमधले दाणे दोन-तीन महिन्यांत संपवावेत, तिथला बर्फाचा कप्पा फार थंड नसतो.

बुरकुंडाचं काय

दाणे काढलेले तुकडे लिटरभर पाण्यात २० मिनिटं उकळून गाळून घ्या. पाणी गोडसर होतं आणि त्यात रस्सा किंवा कढी छान लागते. ओली पानं आणि कोवळी बुरकुंडं बारीक तोडून शेळ्या-म्हशींना देता येतात. दारातल्या कुत्र्याला मात्र बुरकुंड टाकू नका. ते चावून बारीक होत नाही, तुकडा आतड्यात अडकतो आणि मग थेट गुरांच्या दवाखान्यात न्यावं लागतं.